दगडावर जीव जडतो तेव्हा

'इन्सान' हा शब्द शिकवताना आम्ही वर्गात त्याच्या जन्माची गोष्ट नेहमी सांगतो. अरबीच्या जुन्या भाषापंडितांत या शब्दाच्या मुळाविषयी दोन मते होती. काहींच्या मते तो 'उन्स'पासून आला. उन्स म्हणजे लळा, जवळीक, दुसऱ्याच्या सोबतीत मिळणारा दिलासा. इतर काही म्हणत, तो 'निस्यान'पासून आला. निस्यान म्हणजे विसर. पहिल्या मताप्रमाणे जो माया लावतो तो माणूस, दुसऱ्या मताप्रमाणे जो विसरतो तो माणूस. व्याकरणाच्या अंगाने कोण बरोबर, हे ठरवण्याचा आम्हा शाळामास्तरांना अधिकार नाही. पण या दोन मुळांपैकी एक उपटून टाकले तर दुसरे जगेल काय, हा प्रश्न व्याकरणाचा नाही. ज्या घरातून जनाजा उठला आहे अशा प्रत्येक घरातला तो प्रश्न आहे. गेलेल्या माणसाला आपण विसरू शकत नाही, आणि विसरल्याशिवाय जगूही शकत नाही.

हा प्रश्न अवघ्या सतरा मिनिटांत उभा करणारा एक लघुपट आहे. त्याविषयी येथे लिहायचे आहे, कारण त्यात जे गमतीने दाखवले होते ते आता आपल्या हातातल्या मोबाइलपर्यंत येऊन पोचले आहे.

डॉन हर्ट्झफेल्ड हा अमेरिकन चित्रपटकार. १९७६ साली जन्मलेला. त्याची माणसे म्हणजे काड्यांची माणसे. पहिलीतले मूल पाटीवर काढते तशी: गोल डोके, डोळ्यांच्या जागी दोन टिंबे, हातपायांच्या चार रेघा. अनेक वर्षे तो कागदावर हाताने चित्रे काढून जुन्या कॅमेऱ्याने एकेक टिपत असे. २०१५ साली त्याने पहिल्यांदा संगणकावर लघुपट केला. त्याचे नाव 'वर्ल्ड ऑफ टुमारो', म्हणजे 'उद्याचे जग'. त्याच वर्षी सनडान्स महोत्सवात त्याला लघुपटांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. पुढच्या वर्षी ऑस्करसाठी नामांकनही झाले, पण ऑस्कर चिली देशातल्या एका अस्वलाच्या गोष्टीने नेले. २०१७ आणि २०२० साली या लघुपटाचे पुढचे दोन भाग आले. आपण पहिल्यापुरतेच बोलू.

गोष्ट अशी. एमिली नावाची एक चिमुरडी आहे. तिच्या घरी एक यंत्र वाजते आणि पडद्यावर एक बाई दिसते. ती म्हणजे दोनशे सत्तावीस वर्षांनंतरची एमिलीच. नेमके सांगायचे तर एमिलीची तिसऱ्या पिढीची प्रतिकृती. त्या काळात पैसेवाले लोक मरण टाळण्यासाठी स्वतःची हुबेहूब प्रत बनवून घेतात आणि आपल्या सगळ्या आठवणी तिच्यात भरतात. ती प्रत म्हातारी झाली की पुढची. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी स्वस्तातली सोय आहे: मेलेल्या माणसाचा चेहरा काढून एका यंत्रमानवाच्या डोक्यावर ताणून बसवायचा. एमिलीच्या आजोबांची जाणीव एका छोट्या पेटीत साठवली आहे. तिथून ते घरच्यांना पत्रे पाठवतात. मोठी एमिली त्यातले एक पत्र वाचून दाखवते. त्या पत्रात भीतीने मारलेल्या हाका आणि देवाचा धावा यांखेरीज काहीही नाही. ती मात्र ते खुशालीचे पत्र वाचावे तशा एकसुरी आवाजात वाचत जाते.

आपण हसतो आणि लगेच घशात काहीतरी अडकते. उर्दू वाचणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. फाळणीच्या दंगलींवर मंटोने चार-दोन ओळींच्या गोष्टी लिहिल्या आणि १९४८ मध्ये त्या संग्रहाला 'स्याह हाशिये' असे नाव दिले. काळे समास, काळी किनार. आधी हसू फुटते आणि मग आपण कशाला हसलो ते ध्यानात येते. हर्ट्झफेल्डच्या विनोदाची किनारही याच रंगाची आहे. फरक एवढाच की मंटोने झालेले लिहिले, याने होऊ घातलेले काढले.

मोठी एमिली छोटीला आपला जीवनवृत्तान्त सांगते. ती चंद्रावर यंत्रमानवांवर देखरेख करण्याच्या नोकरीला होती. यंत्रमानव सूर्यप्रकाशावर चालणारे. ते उजेडातच राहावेत म्हणून तिने त्यांच्यात मरणाची भीती घातली. पुढे ते काम बंद पडले, पण यंत्रमानव अजून उजेडाच्या मागे चंद्राभोवती चालतच आहेत, आणि एक जण उदास कविता पाठवतो. तिथे असतानाच एमिलीचे एका खडकावर प्रेम बसले. नोकरी बदलली तेव्हा खडकाला सोडून जावे लागले, याचे तिला फार दुःख झाले. मग एका इंधनाच्या पंपावर मन गेले. मग सायमन नावाच्या एका परग्रहावरच्या प्राण्यावर, ज्याची भाषा तिला समजत नव्हती. शेवटी एका माणसावर. तोही प्रतिकृतीच होता. एका संग्रहालयात डेव्हिड नावाचे मेंदूविरहित शरीर काचेआड ठेवलेले होते. लोक त्याला वाढताना बघत बघतच मोठे झाले आणि त्याच्यावर जीव लावून बसले. त्याच डेव्हिडची दुसरी प्रत एमिलीचा नवरा झाली. तो गेला. त्याचे दुःख पेलण्याची ताकद आपल्या मनात नाही, असे ती शांतपणे सांगते. मात्र कधी कधी रात्री उशिरा खुर्चीवर बसून तिला फार वाईट वाटते. त्या वाईट वाटण्याचा तिला अभिमानही आहे, कारण आपण जिवंत असल्याची ती खूण आहे. आता आपण खडकांच्या प्रेमात पडत नाही, हेही ती जाता जाता सांगून टाकते.

या खडकापाशी थोडे थांबले पाहिजे. मराठीत आपण दगडाला निष्ठुरपणाचे चिन्ह मानले आहे. मुलगा ऐकेना तर आई म्हणते, 'दगड आहेस नुसता.' आणि कुणाचे मन द्रवले तर दगडाला पाझर फुटला म्हणतात. अशा वस्तूवर प्रेम करणारी बाई हास्यास्पद दिसणारच. पण आपल्या परंपरेने या प्रेमाची कधी खिल्ली उडवलेली नाही. मदीनेजवळच्या उहूद पहाडाचे आपल्यावर प्रेम आहे आणि आपलेही त्याच्यावर आहे, अशा अर्थाचे पैगंबरांचे वचन हदीसच्या ग्रंथांत आले आहे. लैलाच्या गल्लीतले कुत्रे दिसले म्हणून मजनू त्याला कुरवाळत बसला आणि लोकांनी त्याला वेड्यात काढले, ही कथा तर घरोघरी माहीत आहे.

मग एमिलीच्या खडकात आणि उहूदमध्ये फरक काय? आम्हाला तो असा दिसतो. उहूदच्या पायथ्याशी माणसे आहेत. सन ६२५ च्या लढाईत कामी आलेले हजरत हमजा तिथे विसावले आहेत. त्या पहाडावरचे प्रेम चालत चालत माणसांपाशी पोचते. मजनूचे कुत्रे लैलाच्या दारातून आलेले आहे. आईची जुनी सुपारीची चंची, अब्बांची काठी, गावाकडच्या विहिरीचा काठ यांच्यावर आपला जीव असतो तोही असाच. वस्तू मुकी असते, पण तिच्यामागे कुणीतरी बोलणारे असते. चंद्रावरच्या खडकामागे कुणीच नाही. एमिलीच्या मनातला उन्स जिवंत आहे, त्याला बसायला फांदी मात्र उरलेली नाही. म्हणून तो मिळेल तिथे जाऊन बसतो. ती वेडी नाही, ती एकटी आहे.

एकटेपणात जीव कशालाही बिलगतो, हे प्रयोगशाळेतही दिसलेले आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिलांवर केलेला प्रयोग बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पुस्तकांतून आपल्यापैकी पुष्कळ शिक्षकांनी वाचला असेल. १९५८ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. जन्मताच आईपासून तोडलेल्या पिलांसाठी दोन खोट्या आया केल्या: एक उघड्या तारांची आणि दुसरी मऊ कापड गुंडाळलेली. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिले पोटापुरती तिच्याकडे जात आणि बाकीचा सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. घाबरली की तिच्याकडेच धावत. भाकरीपेक्षा ऊब मोठी, हे त्यातून कळले. तो प्रयोग पिलांच्या दृष्टीने क्रूर होता, हेही येथे सांगितले पाहिजे. पण या प्रयोगाचा उत्तरार्ध वर्गात फारसा सांगितला जात नाही. अशी एकटी वाढलेली पिले मोठी झाली तेव्हा त्यांना इतर माकडांबरोबर राहता येईना. त्यांच्यातल्या माद्या आई झाल्या तेव्हा कित्येकींना स्वतःचे पिलू सांभाळता येईना. कापडाच्या आईने धीर दिला, पण ती कधी रागावली नाही, कधी पिलाला दूर लोटले नाही, कधी त्याच्याशी खेळली नाही. तिच्याकडून उत्तर कधी आलेच नाही.

येथे आपण मुख्य प्रश्नाशी येतो. उत्तर न देणाऱ्यावर प्रेम करणे ही दुःखाची गोष्ट असेल, पण त्यात खोटेपणा नाही. खडकाने एमिलीला कसलेही वचन दिलेले नव्हते. खोटेपणा सुरू होतो तो जे उत्तर येत नाही ते आपणच तयार करून घेतो तेव्हा. चेहरा ताणून बसवलेला यंत्रमानव आणि पत्रे पाठवणारी पेटी ही खडकापेक्षा भयंकर आहेत ती यामुळे. तिथे मुकेपणा लपवलेला आहे.

२०१५ मध्ये ही कल्पना होती. फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियाच्या एमबीसी दूरचित्रवाहिनीने एक माहितीपट दाखवला. एका आईची सात वर्षांची मुलगी २०१६ मध्ये आजाराने वारली होती. संगणकावर त्या मुलीची हुबेहूब प्रतिमा तयार केली गेली. आईच्या डोळ्यांवर यंत्र चढवले, हातात खास मोजे घातले आणि एका रिकाम्या खोलीत ती आपल्या मेलेल्या मुलीला भेटली. मुलगी धावत आली, बोलली. आई हवेत हात पसरून रडत होती. पाहणाऱ्या पुष्कळांचे डोळे भरून आले. पुष्कळांनी संतापून विचारले की एका आईच्या जखमेचे असे प्रदर्शन मांडावे काय. आम्हाला त्या आईविषयी एक अक्षरही वावगे लिहायचे नाही. तिच्या जागी कुणीही असते तर ते यंत्र एकदा डोळ्यांना लावलेच असते. निरोप घ्यायचा राहून गेला असेल तर एकदा निरोप घ्यावा, हे समजते. प्रश्न दुसऱ्या दिवसाचा आहे. ती भेट रोज मिळू लागली तर काय?

आणि आता ती रोज मिळण्याची सोय झाली आहे. माणसाच्या आवाजाचा थोडासा नमुना दिला की संगणक त्या आवाजात हवे ते बोलून दाखवतो. आमच्या मोहल्ल्यात एक वयस्कर बाई आहेत. सगळे त्यांना खाला म्हणतात. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत २०२१ मध्ये तो तिकडेच गेला आणि तिकडेच दफन झाला. खालांच्या फोनमध्ये त्याचे आवाजाचे निरोप आहेत. 'अम्मी, गोळ्या घेतल्या का', 'अम्मी, पैसे पाठवले', 'अम्मी, फोन उचल ना', असे पंधरा-वीस सेकंदांचे. असर आणि मगरिबच्या मधल्या वेळेत त्या ते ऐकत बसतात. एकदा त्यांच्या पुतण्याने आपुलकीनेच सुचवले की खाला, या आवाजावरून भाईजान तुमच्याशी रोज नवे बोलतील असे करून देता येते. तुम्ही विचाराल त्याचे उत्तर देतील. आम्ही त्या वेळी तिथे होतो. खाला थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "उने जो बोल्या नइ, वो उसके मूं में नको डालो बेटा. जित्ता बोल्या उत्ता बस हय."

आमच्या मते या प्रश्नावर लिहिली गेलेली मोठमोठी पुस्तके जिथे पोचायला वेळ घेतात तिथे खाला एका दमात पोचल्या. मेलेल्या माणसाचे बोलणे ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे. ती जपता येते, तिच्यात भर घालता येत नाही. जिवंत माणूस म्हणू शकतो, 'मी असे म्हणालो नव्हतो.' तो रुसू शकतो, फोन न उचलता राहू शकतो, नको त्या वेळी नको ते बोलू शकतो. त्याच्या या सगळ्या त्रासदायक सवयींवरूनच आपल्याला कळते की समोर दुसरे कुणी आहे. आपल्या मर्जीप्रमाणे बोलणारा आवाज कितीही ओळखीचा असला तरी तो शेवटी आपलाच प्रतिध्वनी. डोंगरासमोर ओरडून परत येणाऱ्या आवाजाशी आयुष्यभर बोलत बसावे तसे ते होईल.

कुणी म्हणेल, एखाद्या दुःखी जिवाला त्यातून दिलासा मिळत असेल तर कुणाचे काय बिघडते? हा आक्षेप हलका नाही. दिलासा ही लहान गोष्ट नव्हे. कापडाच्या आईनेही पिलाला खरा दिलासा दिला होता, घाबरलेले पिलू तिला बिलगून खरोखर शांत होत असे. पण नुकसान त्या दिवशी दिसले नाही, पुढे दिसले. जो कधीच नाही म्हणत नाही त्याच्या सहवासाची सवय लागली की जे नाही म्हणतात त्यांच्याबरोबर राहण्याची ताकद जाते. सून उलट बोलते, शेजारीण फार प्रश्न विचारते, नातू अर्धे ऐकून पळतो. या जिवंत माणसांपेक्षा फोनमधला गोड आवाज बरा वाटू लागतो. मग एकटेपणा संपत नाही, फक्त कळेनासा होतो.

हर्ट्झफेल्डला हे नेमके कळले असावे असे त्याच्या कामाच्या पद्धतीवरून वाटते. छोट्या एमिलीचा आवाज त्याच्या चार वर्षांच्या भाचीचा आहे. तिच्याकडून संवाद पाठ करून घेण्याचा प्रयत्न त्याने केला नाही. ती खेळत होती, चित्रे काढत होती, त्याच्याशी गप्पा मारत होती, ते त्याने ध्वनिमुद्रित केले. मग त्या बोलण्याच्या भोवती त्याने मोठ्या एमिलीचे संवाद रचले. म्हणून लघुपटात गंमत होते. मोठी एमिली विश्वाच्या अंताच्या गोष्टी सांगते आणि छोटी आपल्या जेवणाबद्दल, गाड्यांबद्दल, रंगांबद्दल बोलत राहते. वरवर पाहता दोघी एकच. एकीच्या मेंदूत दुसरीच्याच आठवणी आहेत. पण त्या दोघींत कुणी 'दुसरे' असेल तर ती छोटी, कारण तिचे उत्तर आधी कुणी लिहून ठेवलेले नाही.

आम्हा शिक्षकांना याची ओळख पटते. गाईडमधले उत्तर लिहिणारा मुलगा पूर्ण गुण मिळवतो आणि त्याची वही तपासून होताच आपण त्याला विसरतो. एखादी मुलगी भलतेच काही विचारते, 'सर, इन्सान जर निस्यानपासून आला तर परीक्षेत विसरलो म्हणून गुण का कापता?' ती दहा वर्षांनी बाजारात भेटली तरी तिचे नाव आपल्याला आठवते. न लिहिलेल्या उत्तराशिवाय वर्गात कुणी असल्यासारखे वाटत नाही. घराचेही तेच आहे.

आता दुसऱ्या मुळाकडे, निस्यानकडे येऊ. उद्याच्या त्या जगात काहीच विसरायचे नाही अशी व्यवस्था आहे. लोक पडद्यांवर आपल्या जुन्या आठवणी बघत बसतात. मग आठवणी बघत बसल्याच्या आठवणी बघतात. शेवटी अशी पाळी येते की अलीकडच्या इतिहासात पडद्याकडे बघत बसलेल्या माणसांच्या चित्रांखेरीज फारसे काही उरत नाही. आज कोणत्याही बसमध्ये, कोणत्याही लग्नाच्या मांडवात नजर फिरवली तर यावर हसावे की नाही ते कळत नाही.

पण इतके साठवूनही मोठी एमिली विसरलीच. प्रतीवरून प्रत काढताना काहीतरी पुसट होत गेले. आमच्या शाळेत प्रश्नपत्रिकेची झेरॉक्स, तिची झेरॉक्स आणि पुन्हा तिची झेरॉक्स काढली की उर्दूचे नुक्ते आधी उडतात आणि 'खुदा'चा 'जुदा' होऊन बसतो. अक्षर राहते, अर्थ जातो. एमिलीचेही तसेच झाले आहे. पृथ्वीवर उल्का आदळणार आहे, दोन महिने उरले आहेत. घाबरलेले लोक स्वस्तातल्या कालप्रवासाच्या यंत्रांनी पळू बघतात आणि चुकीच्या ठिकाणी जाऊन मरतात. त्यांची प्रेते रात्रीच्या आकाशात तुटत्या ताऱ्यांसारखी जळताना दिसतात. अशा वेळी मोठी एमिली भूतकाळात आली आहे ती जग वाचवायला नव्हे. तिला छोटीच्या डोक्यातली एकच आठवण हवी आहे, जी तिच्याकडून हरवली. छोटी एमिली आपल्या आईबरोबर चालते आहे, एवढीच ती आठवण. शेवटच्या दिवसांत ती जवळ असावी म्हणून ती काढून घेते आणि निघून जाते.

दोनशे सत्तावीस वर्षांचे साठवण, आणि शेवटी हवे होते ते एवढेच. ती आठवण मोलाची का? ती हरवण्यासारखी होती म्हणून, असे आम्हाला वाटते. ज्या दिवशी आई आणि मुलगी चालत होत्या त्या दिवशी कुणी ते टिपून ठेवत नव्हते. आईचा हात हातात असताना आपण हातापेक्षा वाटेवरच्या दगडगोट्यांकडेच पाहत असतो. निस्यान बरोबर असतो म्हणूनच उन्सला धार येते. सगळेच कायम राहणार असेल तर कुणाला घाईने भेटायला जावे, कुणाची माफी आजच मागावी, याला कारणच उरत नाही.

१९९६ साली जुलै महिन्यात स्कॉटलंडमध्ये डॉली मेंढी जन्मली आणि पुढे तिची बातमी जाहीर झाली तेव्हा माणसाचीही प्रत निघेल म्हणून जगभर चर्चा झाली. एका मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून ती तयार केली होती. शरीर तेच, पण जिच्या पेशीपासून ती झाली त्या मेंढीच्या आयुष्यातला एकही दिवस डॉलीला ठाऊक नव्हता. २००३ मध्ये तिला आजारपणामुळे मारावे लागले. विज्ञानाने शरीराची प्रत काढली, आता यंत्रे आवाजाची आणि चेहऱ्याची प्रत काढताहेत. सोबतीची प्रत मात्र निघत नाही, कारण सोबत एका माणसात नसतेच. ती दोघांच्या मध्ये असते.

मग एकट्या माणसाने करावे काय? ब्रिटनने २०१८ मध्ये एकटेपणाच्या प्रश्नासाठी एका मंत्र्यावर जबाबदारी दिली, जपानने २०२१ मध्ये तेच केले. त्या देशांना त्याची गरज पडली यात हसण्यासारखे काही नाही. आमच्याकडे मोहल्ला आहे, बिरादरी आहे, आम्हाला हा रोग नाही, असे छाती पुढे काढून सांगणाऱ्यांनी मात्र थोडे घरात डोकावून पाहावे.

कोकणातल्या खाडीकाठच्या गावांतून माणसे आखातात गेली तेव्हाचा काळ आठवा. १९८० च्या दशकात पत्राबरोबर कॅसेट यायची. घरातली बाई ती टेपरेकॉर्डरवर लावून ऐकायची, मग दुसऱ्या बाजूला आपले म्हणणे भरून पाठवायची. उत्तर यायला महिना लागे. कोणी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येई, कोणाचे येत नसे. त्या बायकांचा एकटेपणा लहान नव्हता, त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण महिन्याने येणारे ते अपुरे उत्तर दुसऱ्या माणसाचे होते. आणि ते ऐकायला शेजारपाजारच्या चार जणी जमत होत्या.

आपल्याकडे कुणी वारले की पुरसा द्यायला जातात. 'पुरसा' हा फार्सीतून आलेला शब्द, त्याचा मूळ अर्थ विचारणे, विचारपूस. मेलेला माणूस उत्तर देत नाही हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. म्हणून त्याच्या वतीने जिवंतांनी जाऊन बसायचे, विचारायचे, ऐकायचे, अशी रीत त्यांनी घातली. एमिली रात्री खुर्चीवर एकटी बसते ती हीच जागा. तिच्या जगात सगळे आहे, पुरसा द्यायला येणारे कुणी नाही. २०२० आणि २०२१ मध्ये आपणही ते अनुभवले. जनाज्याला मोजकी माणसे, पुरशाला कुणी नाही, मय्यत फोनवर पाहायची. तेव्हा नाइलाज होता. आता कसला नाइलाज आहे? कुणाच्या इंतकालची खबर येताच गटातल्या दोनशे माणसांनी तीच दुआ एकाखाली एक पाठवायची आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या विषयाकडे वळायचे. तीही एक प्रकारची झेरॉक्सच. चाळिसाव्यापर्यंत घरात माणसे असतात. खरा एकटेपणा एकेचाळिसाव्या दिवशी सुरू होतो.

त्या एकेचाळिसाव्या दिवसानंतर कुणाच्या तरी दारावर थाप मारून पाहावी. सांगण्यासारखे काही नसले तरी चालते. गेलेल्या माणसाविषयी एखादी साधी गोष्ट विचारावी: त्याला चहा गोड लागायचा की फिका, लहानपणी तो कुणाला घाबरायचा. खाला आपल्या मुलाच्या चोरून आंबे खाल्ल्याची गोष्ट सांगतात. प्रत्येक वेळी आंब्यांची संख्या बदलते, कधी झाडाचा मालकही बदलतो. यंत्राने ती गोष्ट दर वेळी तशीच सांगितली असती. खाला विसरतात, पुन्हा जुळवतात, मध्येच हसतात. आणि ऐकणाऱ्याने एवढेच करायचे असते की हे आपण पाचव्यांदा ऐकतो आहोत हे विसरल्यासारखे दाखवायचे आणि विचारायचे, 'मग काय झाले?'